शेडचे क्षेत्रफळ नव्हे, नळ आणि स्वच्छतागृह मोजा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विषय : उद्यानांतील आरक्षणाच्या जागा आणि तिथल्या सोयी

उद्यानात नवी शेड उभी राहिली की तिच्या फलकावर क्षमता लिहिली जाते : ५० माणसे, ६० माणसे. हा आकडा बहुतेक वेळा छपराखालच्या क्षेत्रफळाला भागाकार लावून काढलेला असतो. त्याच आकड्यावर आरक्षण सुरू होते आणि पहिल्याच गर्दीच्या सुट्टीला स्वच्छतागृहासमोर रांग, तुंबलेले बेसिन आणि गेलेले दिवे असे चित्र दिसते. मग ‘लोकांना शिस्तच नाही’ म्हणून सगळे मोकळे होतात. उद्यानांचे आराखडे, देखभाल आणि नोंदणी ही कामे जवळून जाणणारे आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत. बेशिस्तीचा वाटा असतोच, पण मोठा वाटा मूळ हिशेबातल्या गफलतीचा असतो. जागेची खरी क्षमता तिथल्या सर्वांत तोकड्या सोयीवरून ठरते, आणि ती सोय क्वचितच छप्पर असते.

आधी छपराचाच हिशेब पाहू. ६ मीटर × ९ मीटरची शेड म्हणजे ५४ चौरस मीटर. टेबलाभोवती बसायचे तर माणशी १.२ ते १.५ चौरस मीटर लागतात, म्हणजे कागदावर ३६ ते ४५ माणसे. पण वाढपाची दोन टेबले आणि त्यांच्यापुढची रांग ८ ते १० चौरस मीटर खाते. उरलेल्या जागेत ३० ते ३५ माणसेच नीट बसतात. आता पाऊस आला असे धरा. छपराची कड २.४ मीटर उंच असेल, तर ताशी १०-१२ किलोमीटरच्या साध्या वाऱ्यातही पाऊस मीटरभर आत येतो. वारा दिशा बदलत असला तर चारही बाजूंचा मीटरभर पट्टा ओला होतो आणि कोरडी जागा उरते ४ × ७, म्हणजे २८ चौरस मीटर. त्यातून वाढपाची टेबले वजा केली की जेमतेम १५ माणसांची सोय. फलकावर ४५ आणि पावसात १५, हा फरक आरक्षण करणाऱ्याला कोणी सांगत नाही. उपाय महागडे नाहीत. वाऱ्याच्या बाजूची कड थोडी खाली घ्यावी, छप्पर ६० ते ९० सेंटिमीटर बाहेर काढावे आणि गुंडाळून ठेवायच्या ताडपत्रीसाठी खांबांवर कायमच्या कड्या बसवाव्यात. फलकावर दोन आकडे असावेत, एक कोरड्या दिवसाचा आणि एक पावसाचा.

स्वच्छतागृहाचा हिशेब त्याहून निष्ठुर असतो. एका वापराला दोन ते तीन मिनिटे धरली तर एक शौचकूप तासाला २० ते ३० जणांना पुरते. ६० जणांचा कार्यक्रम असेल तर जेवण आटोपल्यावर अर्ध्या तासात निम्मे लोक तिकडे वळतात. त्या अर्ध्या तासात एका शौचकुपाची ताकद १० ते १५ जणांची. स्त्रियांना सरासरी जास्त वेळ लागतो, लहान मुले सोबत असतात, म्हणून समान संख्येची सोय म्हणजे समान सोय नव्हे. स्त्रियांकडे शौचकुपे जास्तच हवीत. शिवाय हेच स्वच्छतागृह उद्यानात फिरायला आलेले बाकीचे लोकही वापरत असतात. आमच्या मते एक पुरुषांचे आणि एक स्त्रियांचे एवढीच सोय असेल, तर शेड कितीही मोठी असो, आरक्षण ४० माणसांच्या वर देऊ नये.

याहून साधी चूक वेळेची. स्वच्छतागृहाला कुलूप लावणारा माणूस संध्याकाळी सहाला जातो आणि शेडचे आरक्षण आठपर्यंत दिलेले असते. दोन वेगळ्या टेबलांवर दोन वेगळी वेळापत्रके तयार होतात, म्हणून हे घडते. कुलपाची, दिव्यांची आणि फाटकाची वेळ आरक्षणाच्या पावतीवरच छापली तर ही विसंगती छापतानाच लक्षात येईल. दिवे तर आरक्षण संपल्यावर आणखी अर्धा तास सुरू हवेत, कारण आवरासावर लांबली तर ती त्याच वेळात होते. अंधारात झाडलोट करा म्हणणे आणि सकाळी कचरा दिसला म्हणून अनामत कापणे, हे न्यायाचे नाही.

पाण्याच्या बाबतीत एकच नळ ठेवणे ही जवळपास सार्वत्रिक चूक आहे. पिण्याच्या नळाखाली भांडी धुतली जातात, खरकटे जाळीत अडकते, तेलकट पाणी थंड झाले की पाइपात थर धरते आणि पुढच्या आठवड्यात सगळे तुंबते. पिण्याचा नळ आणि धुण्याचा नळ वेगळे असावेत, मध्ये किमान तीन मीटर अंतर असावे. धुण्याच्या नळाखाली खोल सिंक, उचलून झटकता येईल अशी जाळी आणि त्यापुढे तेल अडवणारा छोटा चेंबर हवा. या चेंबरचे झाकण एका माणसाला उघडता आले पाहिजे. जड लोखंडी झाकण बसवले की तो चेंबर साफ होत नाही, हे ज्यांना साफसफाई करावी लागते त्यांना विचारून पाहावे.

वीज. १६ अँपिअरचे एक सॉकेट २३० व्होल्टवर साधारण ३.६ किलोवॅटचा भार घेते. पाणी तापवायचे एक मोठे भांडे २ ते ३ किलोवॅटचे असते. एकाच सर्किटवर अशी दोन लावली की एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप वीज तोडणारी कळ, पडण्याची शक्यता मोठी, आणि दिवे त्याच सर्किटवर असतील तर सगळी शेड अंधारात जाते. दिव्यांचे सर्किट वेगळे, सॉकेटची किमान दोन, आणि ती समोरासमोरच्या खांबांवर. प्रत्येकाला ३० मिलिअँपिअरवर तुटणारे गळती-संरक्षण हवेच. ओली जमीन, अनवाणी मुले आणि धातूचे खांब एकत्र येतात तिथे यात काटकसर नको. सॉकेट जमिनीपासून सव्वा मीटरवर, पाणी न शिरणाऱ्या झाकणाचे असावे. एक्स्टेंशन बोर्डची गुंडाळी पूर्ण उलगडूनच वापरावी, अशी सूचना सॉकेटशेजारी रंगवून ठेवा. गुंडाळलेल्या वायरची उष्णता बाहेर पडत नाही आणि भार जास्त असेल तर आवरण वितळते.

चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्प असतो, पण तेवढ्याने भागत नाही. चढ १:१२ पेक्षा तीव्र नको. म्हणजे जोते १५ सेंटिमीटर उंच असेल तर रॅम्प १.८ मीटर लांब. पुढे शेडपर्यंतची वाट किमान १.२ मीटर रुंद आणि पक्की हवी, खडी किंवा वाळूची नको, आणि खुर्ची वळवायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा हवी. एवढे सगळे करून आत गेल्यावर टेबल असे निघते की दोन्ही बाजूंना बाक जमिनीत पक्के केलेले. खुर्चीवरच्या माणसाने बसायचे कुठे? दर चार टेबलांपैकी निदान एकाची वरची फळी एका टोकाला अर्धा मीटर पुढे काढावी, तिच्याखाली ७० सेंटिमीटर मोकळी उंची ठेवावी, तिथे बाक नको. सुताराला किंवा वेल्डरला हे नवीन टेबल बनवतानाच सांगितले तर खर्च नाममात्र वाढतो.

हिरवळीवर आरक्षण द्यावे का, यावर आमच्यातही मतभेद आहेत. द्यायचे असेल तर झाडांच्या मुळांचा विचार आधी करावा. झाडाला पोसणारी बारीक मुळे बहुतेक वरच्या ३० ते ६० सेंटिमीटर मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्या बाहेरपर्यंत पसरलेली असतात. ओल्या मातीवर सामानाची गाडी एकदाच फिरली तरी माती दबते, तिच्यातली हवेची पोकळी जाते, आणि झाड लगेच नव्हे तर दोन-तीन वर्षांनी शेंड्याकडून वाळू लागते. तोवर त्या गाडीची आठवण कोणाला राहत नाही. म्हणून सामान उतरवायची पक्की जागा शेडपासून १५-२० मीटरच्या आत हवी, आणि तिथे दोन ढकलगाड्या साखळीने बांधून ठेवलेल्या असाव्यात. ढकलगाडी हाताशी असली की गाडी हिरवळीवर नेण्याचा आग्रह आपोआप कमी होतो. पावसानंतर हिरवळ कधी उघडायची याची कसोटी माळ्याला ठाऊक असते : टाच दाबून पाहायची, पाणी वर आले तर त्या दिवशी हिरवळ बंद. ताडपत्री किंवा सतरंजी उन्हात दिवसभर अंथरून ठेवली तर खालचे गवत पिवळे पडते. ती दुपारी सरकवायला सांगा किंवा अंथरूच देऊ नका.

तात्पुरता मंडप हा खरा धोक्याचा भाग आहे आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्यात दर चौरस मीटरला सुमारे ६० न्यूटन दाब पडतो. ३ मीटर × २ मीटरची एक कनात लावली की तिच्यावर साधारण ३६-३७ किलो वजनाइतका आडवा जोर येतो. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट, म्हणजे दीडशे किलोच्या घरात. लोक मात्र पायांना पाच लिटरचे पाण्याचे कॅन बांधतात. त्यात खुंट्या ठोकायच्या तर ३०-४० सेंटिमीटर खाली जातात आणि नेमका तिथेच झाडांना पाणी देणारा पाइप किंवा दिव्याची केबल असते. यावर टिकाऊ उपाय म्हणजे मंडपाच्या ठरलेल्या जागी काँक्रीटमध्ये पुरलेल्या, झाकण लावून जमिनीच्या पातळीत बसणाऱ्या कड्या. कड्या नसतील तिथे कनातीशिवायचा मंडपच मान्य करावा. दोर झाडाच्या फांदीला किंवा दिव्याच्या खांबाला बांधायला कायमची मनाई असावी. वारा जोराचा सुटला की आधी कनाती सोडायच्या, हे रखवालदाराला माहीत हवे.

आवाजाचे नियम डेसिबलमध्ये लिहिलेले असतात आणि फाटकावरच्या माणसाकडे मापक नसतो. मोकळ्या जागेत एका स्पीकरचा आवाज अंतर दुप्पट झाले की सुमारे ६ डेसिबलने उतरतो. पाच मीटरवर ८५ असेल तर दहावर ७९, वीसवर ७३, चाळीसवर ६७. दोन माणसांच्या साध्या बोलण्याची पातळी एका मीटरवर ६० च्या आसपास असते. त्यामुळे मापकाशिवायची कसोटी अशी ठेवता येते : शेडपासून २० मीटरवरच्या वाटेवर दोन माणसांना आवाज न चढवता बोलता आले पाहिजे. नाही आले तर आवाज कमी. एक मोठा स्पीकर कोपऱ्यात लावण्यापेक्षा दोन-तीन छोटे, खाली ठेवलेले आणि आतल्या बाजूला तोंड केलेले स्पीकर कमी आवाजात काम भागवतात, कारण ऐकणारा त्यांच्या जवळ असतो.

आता प्रत्यक्ष आरक्षणाचे. पहिली अट आमच्या दृष्टीने वादातीत आहे : संपूर्ण उद्यान कधीही आरक्षित होऊ नये, आणि टेबलांपैकी निदान निम्मी कायम खुली राहावीत. फिरण्याची वाट शेडमधून जात असेल तर तो आराखड्याचाच दोष आहे. तिथे रोज भांडण होणार आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे बरोबर असणार. आरक्षित भागाची हद्द फरशीच्या रंगाने किंवा पट्ट्याने जमिनीवरच दिसली पाहिजे.

वेळेचे तुकडे पाडताना मांडामांड आणि साफसफाई त्याच वेळेत धरली आहे, हे ठळक अक्षरांत लिहावे. चार ते आठ आरक्षण घेणारा पाहुण्यांना चारला बोलावतो आणि स्वतः तीनला येऊन उभा राहतो. तेव्हा आधीची मंडळी अजून जेवत असतात. दोन आरक्षणांमध्ये किमान ४५ मिनिटांची फट हवी. झाडायला दहा मिनिटे, धुवायला पंधरा, जमीन वाळायला दहा, ताबा देण्या-घेण्याला दहा, असा तो सरळ हिशेब आहे. फट न ठेवता सलग तीन आरक्षणे दिली तर पहिल्याचा वीस मिनिटांचा उशीर तिसऱ्यापर्यंत तासभर होतो.

अर्जात नाव आणि तारीख सोडून पाच प्रश्न आवश्यक आहेत : माणसे किती, त्यात मुले किती, शेगडी किंवा विजेचे मोठे उपकरण आणणार का, मंडप उभारणार का, आवाजाचे साहित्य आहे का. या पाचांपैकी शेवटच्या तिन्हींना ‘नाही’ उत्तर असेल तर अर्ज लगेच मंजूर व्हावा. दहा-बारा माणसांच्या साध्या भेटीला आठवडाभर सहीची वाट पाहायला लावली की लोक अर्जच करत नाहीत, नुसते येऊन बसतात. गुंतागुंत जिथे आहे तिथेच वेळ घालवावा.

नोंदवही एकच असावी. ऑनलाइन एक, खिडकीवर दुसरी आणि साहेबांच्या डायरीत तिसरी असली की एकाच वेळेला दोन पावत्या निघतात, आणि सुट्टीच्या सकाळी त्याचा निकाल बिचाऱ्या रखवालदाराने लावायचा असतो. खिडकीवर येणाऱ्याची नोंदही तिथल्या माणसाने त्याच यादीत, त्याच क्षणी करावी. शेडच्या खांबावर काचेच्या चौकटीत त्या दिवसाचा कागद लावावा : किती ते किती आरक्षित, किती ते किती खुले. आधीपासून बसलेला आणि पावती घेऊन आलेला यांच्यातले बहुतेक वाद या एका कागदाने मिटतात. कागदावर नाव नको, फक्त वेळ आणि पावतीचा क्रमांक पुरे.

नोंदणी किती दिवस आधी उघडायची? वर्षभर आधी उघडली तर माहीतगार मंडळी पहिल्याच दिवशी सगळ्या सुट्ट्या अडवून ठेवतात. पंधरा दिवस आधी उघडली तर बाहेरगावच्या पाहुण्यांना कळवायला वेळ उरत नाही. साठ ते नव्वद दिवस ठीक, पण प्रत्येक सुट्टीची एक पाळी राखून ती फक्त दहा दिवस आधी खुली करावी. पावती दुसऱ्याच्या नावे करता येऊ नये, नाहीतर मधले लोक पाळ्या अडवून विकतात. ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात कोणी आले नाही आणि कळवलेही नाही तर जागा खुली झाली असे समजावे. सात दिवस आधी रद्द केले तर पूर्ण परतावा आणि पावसामुळे फिसकटले तर तारीख बदलून द्यावी. शुल्क शक्य तितके कमी ठेवावे. वर्तन सुधारते ते अनामतीने, शुल्काने नव्हे.

अनामतीचे भांडण मात्र टाळता येते. ताबा देताना दहा मिनिटे काढून रखवालदार आणि आरक्षण घेणारा दोघांनी मिळून एक छोटी यादी पाहावी : बाक किती, कोणता डगमगतो, कोणता दिवा लागत नाही, खांबांवर जुन्या चिकटपट्ट्या आहेत का, फरशीवर तेलाचा डाग कुठे आहे, डबे रिकामे आहेत का. मोबाइलवर चार कोपऱ्यांतून चार फोटो. परत घेताना तीच यादी, तेच चार कोपरे. यादीशिवाय कापलेली अनामत म्हणजे दंड नव्हे, वादाला आमंत्रण.

सजावटीसाठी आडव्या तुळयांवर दर मीटरला एक कडी लावून ठेवली की खिळे आणि चिकटपट्ट्या बऱ्याच कमी होतात. नुसती मनाई लिहून त्या कमी होत नाहीत. चमकीचे बारीक प्लास्टिकचे तुकडे उधळायला मात्र नाव घेऊन बंदी हवी. गवतातून ते झाडूने निघत नाहीत आणि पहिल्या पावसात गटाराच्या जाळीवर जाऊन बसतात.

कचऱ्याचे डबे शेडपासून आठ-दहा मीटरवर ठेवावेत. जवळ ठेवले तर माश्या येतात, लांब ठेवले तर कोणी जात नाही. सुक्याचा डबा मोठा चालेल. ओल्याचा मोठा नकोच : २४० लिटरचा डबा खरकटे आणि पाण्याने भरला तर दोन माणसांनाही ओढवत नाही, मग तो तिथेच कलंडतो. ओल्यासाठी ६० लिटरचे दोन छोटे, घट्ट झाकणाचे डबे बरे. उरलेले पातळ पदार्थ ओतायला वेगळी बादली ठेवावी.

शेवटची मागणी उद्यान विभागाकडे. नोंदणी खुली करण्याआधी वर्षाच्या यादीत देखभालीचे दिवस भरून टाकावेत : आठवड्यातला एक दिवस पूर्ण बंद, पावसाळ्याआधी छपराची पन्हाळ आणि निचरा तपासायला सलग दोन दिवस, आणि तेलाच्या चेंबरसाठी महिन्यातून अर्धा दिवस. हे दिवस आधी अडवले नाहीत तर ते नंतर मिळत नाहीत, कारण प्रत्येक रिकाम्या तारखेला कोणाचा तरी अर्ज आलेला असतो आणि देखभालीचा अर्ज कोणीच करत नाही.

आपले,
उद्यानांच्या आखणी, देखभाल व नोंदणीच्या कामातले काही जण